साक्षी आणि बघ्या



आषाढ सरून श्रावण लागला की कृष्णाकाठी रामरामाच्या आधी एक प्रश्न येतो, "पाणी किती झालं?" उत्तर फुटांत येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. आकडा वर चढू लागला की माणसे घाटावर आणि पुलावर जमतात. कोणी पोराला खांद्यावर घेतलेले, कोणी कणीस खात उभे, कोणी फोन उंच धरलेला. ह्याला आमच्याकडे 'पूर बघायला जाणे' असे म्हणतात.

ह्या बघण्याविषयी दोन मते कानी येतात. पहिले मत असे की, दुसऱ्याचे घर बुडत असताना ते बघायला जाणे हे पाप होय. दुसरे मत असे की, नदी ही माता, तिचे भरलेले रूप पाहणे हे दर्शनच. शिवाय ज्ञानी माणसाने जगातले सुखदुःख साक्षी होऊन पाहावे असे शास्त्र सांगते, मग त्यात दोष कसला? पहिल्या मताशी भांडण करायचे कारण नाही, ते साध्या माणसाच्या काळजातून आलेले आहे. दुसऱ्या मताचा मात्र नीट विचार केला पाहिजे. ते आपलेच शब्द घेऊन बोलते. आपल्या प्रवचनांतला, आपल्या पारायणांतला 'साक्षी' हा शब्द पुलाच्या कठड्यावर रेलून कोणी वापरू लागला, तर तो शब्द कोणत्या अर्थाचा आहे हे सांगण्याचे काम आपल्याकडेच येते.

हा विचार मी नुसता ग्रंथावरून मांडत नाही. कीर्तनाच्या निमित्ताने ह्या मुलखातली गावे मी सायकलीवरूनच केली. आता वयोमानाने कीर्तनाला उभा राहत नाही, पण सायकल सुटलेली नाही. २०१९ चा आणि २०२१ चा असे दोन्ही महापूर ओसरल्यावर हरिपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड ह्या पट्ट्यातून सायकलीने हिंडलो. तेथे दिसले ते आधी सांगतो, शास्त्राकडे मग येऊ.

सायकलीला काच नसते, ही तिची पहिली थोरवी. मोटारीतून पूर दिसतो, पण त्याचा वास येत नाही. सायकलीवरच्या माणसाला गाव लागण्याआधी गावाचा वास लागतो. कुजलेला ऊस, भिजून फुगलेले धान्य, गोठ्यातून न निघालेले जनावर. दुसरी गोष्ट, सायकल माणसाला थांबवते. पुराने रस्त्यावर आणलेला गाळ मडगार्डात असा बसतो की चाक फिरेनासे होते. मग उतरायचे, काडीने गाळ उकरायचा, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरची माणसे विचारतात, "कुठलं गाव, बाबा?" बोलणे सुरू होते. आणि तिसरी गोष्ट, सायकलवाल्याच्या पायांना चढउतार कळतो. सांगलीकडून शिरोळवरून वाडीकडे जाताना पायांना उतार म्हणून फारसा लागतच नाही. सारी जमीन ताटासारखी सपाट. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, वाडीला पंचगंगा मिळते. मोठी नदी तुडुंब असली की धाकट्या नदीचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फुगते. आणि सपाट मुलखात फुगलेले पाणी पुढे पळत नाही, आडवे पसरते आणि दिवसच्या दिवस उभे राहते. पुस्तकात वाचून हे कळते, पायडल मारताना ते पटते.

लांबून पाहणारा कसा फसतो, त्याचे दोन दाखले देतो.

पहिला उसाचा. पाणी उतरल्यावर रस्त्यावरून पाहिले तर ऊस उभा असतो. पाहणारा म्हणतो, "चला, पीक तर वाचलं." सायकल बांधाला लावून सरीत शिरले की खरे कळते. पाणी शेंड्यावरून गेले असेल तर पोंग्यात गाळ बसतो, पोंगा कुजतो, वाढ तिथेच संपते. मग कांड्यांचे डोळे फुटून पांगशा निघतात, कांड्यांना मुळ्या सुटतात. ऊस उभा असतो आणि मेलेलाही असतो. शेतकरी त्याच्याकडे बघून काही बोलत नाही, पाहणारा मात्र वाचला म्हणून समाधान मानून पुढे जातो.

दुसरा दाखला भिंतीचा. जुन्या मातीच्या भिंती पुष्कळदा पुरात पडत नाहीत. पाण्यात आठ दिवस उभ्या राहतात. पाणी उतरते, ढग जातात, कडक ऊन पडते, ओली माती सुकू लागते, तिला भेगा जातात, आणि मग एके दुपारी भिंत बसते. तोवर पूर बघणारे घरी गेलेले असतात, मदतीचे टेम्पो पुढच्या गावाला गेलेले असतात, वर्तमानपत्रातली बातमी दुसरी झालेली असते. माउली, माणसाच्या मनाचेही असेच आहे. पाणी असताना माणूस उभा राहतो, कारण त्याला म्हातारी बाहेर काढायची असते, म्हैस सोडायची असते. तो बसतो तो नंतर, सारे कोरडे झाल्यावर. म्हणून पूर पाहायचाच असेल तर पाणी चढताना पाहणाऱ्याला अर्धाच पूर दिसला असे समजावे.

आता शास्त्राकडे येऊ.

'साक्षी' ह्या शब्दाचा सरळ अर्थ प्रत्यक्ष पाहणारा, असा आहे. वेदान्तात हा शब्द आत्म्याला लावतात. माझ्या मनात राग आला, गेला. सुख आले, गेले. ह्या सगळ्या येण्याजाण्याला जो प्रकाशतो आणि स्वतः येत-जात नाही, तो साक्षी. येथे नीट लक्ष द्यावे. हा साक्षी कशाचा साक्षी आहे? माझ्या मनाचा, माझ्या देहाचा, माझ्या सुखदुःखाचा. साधकाला सांगितलेला साक्षीभाव हा स्वतःच्या ओझ्यापुरता आहे. माझे घर बुडाले, तर 'बुडणारे ते घर, पाहणारा मी वेगळा' असे म्हणण्याचा अधिकार मला आहे, आणि ते खरोखर साधले तर तो मोठाच अधिकार आहे. पण शेजाऱ्याचे घर बुडाले, तर 'बुडणारे ते घर, पाहणारा मी वेगळा' हे वाक्य ज्ञानाचे राहत नाही. ते नुसते वस्तुस्थितीचे वर्णन होते. घर त्याचे आहे आणि मी वेगळा आहेच, त्याला ज्ञान कशाला लागते?

आपल्या संतांनी ह्या दोन गोष्टींची गल्लत कधी होऊ दिली नाही. स्वतःच्या दुःखाविषयी ते वज्रासारखे कठीण, दुसऱ्याच्या दुःखाविषयी लोण्याहून मऊ. ज्याला आपले दुःख पाण्यासारखे वाहू देता येते, त्याच्या डोळ्यांत दुसऱ्याच्या दुःखाने पाणी येते; ही एकाच ज्ञानाची दोन अंगे आहेत. बघ्याचे नेमके उलट असते. स्वतःच्या उंबऱ्याशी पाणी आले की त्याचा साक्षीभाव पळतो आणि लोकांच्या दारात आले की जागा होतो. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी साक्षी कोण आणि बघ्या कोण हे ओळखता येईल.

येथे कोणी शंका घेईल की, प्रत्यक्ष पांडुरंगच कमरेवर हात ठेवून युगानुयुगे उभा आहे. तो हात उचलत नाही, नुसता पाहतो. मग आम्ही पाहिले तर काय बिघडले? शंका वरवर बिनतोड वाटते. तिचे समाधान पंढरपुरातच आहे. देव विटेवर उभा का राहिला? पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता म्हणून. साक्षात देव दारात आला असताना पुंडलीक उठून पाहायला गेला नाही. त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. माउली, आपल्या संप्रदायाचा पाया ह्या एका नकारावर उभा आहे. म्हातारी माणसे सेवेला असताना देवाचेही दर्शन थांबते. तिथे पाण्याचे दर्शन किती मोठे धरायचे? भीमेला पाणी आले, उजनीतून आणि वीरमधून सोडले, की चंद्रभागेच्या पात्रातले पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाते. ते पाहायला घाटावर गर्दी होते. पाहणाऱ्याने मनात एवढेच आणावे की, हा पाण्यात उभा असलेला भक्त आज येथे उभा असता तर वाळवंटाच्या कडेच्या झोपडीतली म्हातारी आधी पाठीवर घेऊन वर चढला असता, आणि नदीकडे त्याची पाठ असती.

शिवाय देव विटेवरच राहिला असेही परंपरा सांगत नाही. जनाबाईच्या जात्याला त्याने हात लावला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, तेव्हा त्यांच्यावर आलेले संकट निवारायला देव विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ह्या कथेत दोन गोष्टी आहेत. दामाजीपंतांनी आधी कोठार उघडले, मग देव हलला. देवाची कमर आणि हात ह्यांत अंतर पडते ते भक्ताने काही केल्यावर.

दुसरी शंका नरसोबाच्या वाडीची. कृष्णेचे पाणी देवळात चढते, दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून लोक येतात. मग पुराचा उत्सव होतोच ना? होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याची रीत पाहावी. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती आधी वर हलवतात. कोणत्या पायरीला पाणी लागले की काय करायचे, हे पुजाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ते देऊळ बांधणाऱ्यांनी पाणी येणार हे धरून बांधले. नदीला आत येऊ द्यायचे, तिला नमस्कार करायचा आणि तिला वाट मोकळी ठेवायची. ह्या सगळ्यात आदर आहे, आणि आदराला मर्यादा कळते. पुलावरच्या गर्दीला नदी मोठी दिसते, पण तिची मर्यादा दिसत नाही.

आणि हीच मर्यादा आपण सर्वांनी मोडली आहे, म्हणून साक्षीचा दुसरा अर्थही सांगितला पाहिजे. कोर्टात उभा राहतो तोही साक्षीच. त्याने पाहिले एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. पाहिले ते खरे सांगावे लागते, आणि कोणाची भीड न धरता सांगावे लागते. पुराचा साक्षी असाही हवा.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याच्या रेषेवर बारा फूट. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून जे झाले ते आठवले तर आजही हात जोडले जातात. २०२१ ची आषाढी एकादशी २० जुलैला झाली आणि त्याच आठवड्यात पाणी पुन्हा ५० फुटांपलीकडे गेले. लोक म्हणाले, नदी कोपली. माउली, नदीला कोप नाही. कोयना, वारणा, पंचगंगा ह्यांच्या खोऱ्यांत थोड्या दिवसांत अतोनात पाऊस पडला, धरणे भरली, पाणी सोडावे लागले, आणि सपाट मुलखात ते उभे राहिले. पाणी आपल्या वाटेने आले. वाटेत आपण बसलो होतो.

नदीकाठच्या गावांच्या नकाशावर सरकार दोन रेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे जिथवर पोचते ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधायचे नाही, असा दंडक. सायकलीवरून हिंडताना त्या आत काय काय उभे आहे ते दिसते. मंगल कार्यालये, दुकानांचे गाळे, भराव घालून पाडलेले प्लॉट. भराव घालणाऱ्याचे घर उंच राहते, त्याच्या वाटचे पाणी मागच्या गल्लीत जाते. हे पाप कोणत्या ग्रंथात लिहिले आहे असे कोणी विचारील. शेजाऱ्याच्या ताटातला घास काढू नये हे जिथे लिहिले आहे, तिथेच हेही लिहिलेले आहे. शेजाऱ्याच्या दारात आपल्या वाटचे पाणी लोटणे त्याहून वेगळे नाही.

पूर्वीच्या लोकांनाही पूर माहीत होता. हरिपूरला जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे होती. त्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिकायची, पाणी तिथवर यायचे नाही हा भरवसा होता. २००५ च्या पुराचे पाणी त्यांत शिरले आणि कितीतरी पेवे निकामी झाली. जे आजवर आले नाही ते पुढेही येणार नाही, हा भरवसा धरू नये एवढे ती पेवे शिकवतात. साक्षीने हे गावाला सांगत राहिले पाहिजे. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटते, दिवाळीला रंग दिला की ती जाते. माझे मागणे असे आहे की, देवळाच्या एका खांबावर ती रेघ राहू द्यावी, तिच्याशेजारी साल लिहावे. पुढच्या पिढीतला कोणी खालच्या अंगाला घर बांधू म्हणेल, तेव्हा तो खांब साक्ष देईल.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कुरुंदवाडच्या बाजूला एका वाडीत देवळाच्या ओट्यावर एक बाई ओली पोथी पसरून बसली होती. पारायणाची ज्ञानेश्वरी, सासूकडून आलेली. पाने एकमेकांना चिकटलेली. ती एकेक पान सुटे करी, खाली वर्तमानपत्राचा कागद घाली, वर वहाणेइतका दगड ठेवी. मी बसलो आणि दुसऱ्या टोकाने पाने सोडवू लागलो. दोन तासांत तीन अध्याय झाले. ती म्हणाली, "बाबा, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनं कोरड्या दिल्या म्हणतात. आमच्या कृष्णाबाईनं ओल्या दिल्या." मी म्हणालो, "आक्का, कोरड्या दिल्या असत्या तर आपल्याला काय काम उरलं असतं?" ती हसली. नंतर पदर डोळ्याला लावला. तिच्या घराची मागची भिंत आदल्या दिवशी बसली होती, हे तिने त्यानंतर सांगितले. पहिल्या दोन तासांत तिने ते काढलेही नव्हते. पुलावरून ती भिंत दिसली नसती, आणि गाडीच्या काचेतूनही नाही.

तर माउली, मूळ प्रश्नाचे उत्तर. पूर पाहायला जावे का? जावे. न जाणे हेही उत्तर नव्हे. जो पाहतच नाही त्याला दया कशाची येणार? पण काही नेम धरून जावे.

पाणी चढत असताना जाऊ नये. तेव्हा रस्ता बोटींना आणि माणसे हलवणाऱ्यांना मोकळा लागतो. वाहत्या पाण्यात तर सायकल, मोटार काहीच घालू नये. गुडघाभर पाण्याची ओढही माणसाला पाडते. पाणी ओसरल्यावर जावे, आणि मदतीचे टेम्पो गेल्यावर पुन्हा एकदा जावे, कारण भिंती तेव्हा बसतात. रिकाम्या हाताने जाऊ नये. कॅरिअरला तुरटी, खराटा, कोरडी चादर, काडेपेटी एवढे मावते, आणि त्याचा उपयोग होतो. फोटो काढायचा तर घरमालकाला विचारून, आणि पंचनाम्याला उपयोगी पडेल असा काढावा. चहा दिला तर घ्यावा. ज्याचे सारे गेले त्याला देण्याचा मान तरी राहू द्यावा.

आणि शेवटचा नेम, तो आपल्यासारख्या बोलणाऱ्यांसाठी. ज्याच्या घरात चिखल आहे, त्याला 'हरीची इच्छा' म्हणून सांगायला जाऊ नये. हे वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे. ते त्याने म्हणायचे वाक्य आहे म्हणून. तो ते म्हणाला तर आपण मान लववावी. आपण ते म्हणालो तर त्याचा अर्थ 'मी आता निघतो' एवढाच होतो. आपल्या वाट्याला तिथे फावडे आहे. ते हाती घेऊन तोंडाने नाम घेता येते. आपल्या संतांनी मळा राखताना, मडकी घडवताना, दळताना नाम घेतले. चिखल काढताना ते अडत नाही.

कृष्णामाई आपल्या वाटेने जावो, आणि तिच्या वाटेत न बसण्याची बुद्धी आपणा सर्वांना होवो, हेच मागणे.

पुंडलीक वरदे हरिविठ्ठल.